मदत हवी आहे: अक्षर मोठं केलं की धूसर होतंय, साफ केलं की बारीक होतंय

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यात आमची लहानशी आडत आहे. हिशोब अण्णाच (वडील, वय ६३) बघतात. जुन्या कॉम्प्युटरचा १५ इंची चौकोनी मॉनिटर होता, त्यावर त्यांचं झकास चाललं होतं. पण लाईटचा काही भरवसा नाही, म्हणून दिवाळीआधी मी १५.६ इंची लॅपटॉप आणला, विंडोज ११ वाला. तिथून कटकट सुरू.

पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "मला तर नुसत्या मुंग्याच दिसायल्यात." भाच्यानं डोकं चालवून रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १३६६×७६८ वर आणलं. अक्षर मोठं झालं, पण ओल्या बोटानं पुसल्यागत. शनिवारी सोयाबीनच्या पट्टीत (शेतकऱ्याला देतो ती विक्रीची पावती) ४३६० चा भाव ४३८० पडला. १४ क्विंटल माल, म्हणजे २८० रुपये जास्तीचे गेले. शेतकरी ओळखीचा, त्यानंच पट्टी बघून परत आणून दिले. पैशाचं काही नाही हो, पण तेव्हापासून अण्णा आधी वहीत लिहितात आणि मग भिंग धरून पडद्याशी ताळा करतात. माणसाचा हिशोबावरचा विश्वास उडाला की दुकान कसं चालणार?

मग मी रिझोल्यूशन परत १९२०×१०८० केलं आणि स्केल (पडद्यावरचं सगळं मोठं करायची सेटिंग) १५० टक्के ठेवलं. आता बाकी सगळं ठणठणीत दिसतंय, पण हिशोबाचं सॉफ्टवेअर (जुनं आहे, बदलायचं नाव काढलं तरी अण्णा उठून जातात) पडद्यात मावंना. खालचं 'सेव्ह' बटणच दिसत नाही. आणि त्याची अक्षरं अजून थोडी धूसरच.

कुणीतरी सांगितलं म्हणून विंडोजमधला नाईट लाईट दिवसभर चालू ठेवलाय. अण्णा म्हणायलेत, "ह्याला काय कावीळ झाली का?"

काय करावं?

गोदाकाठ:
दादा, भाच्याला रागवू नका, सगळेच हे करतात. रिझोल्यूशनला हात लावायचाच नाही. ह्या पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात, आडवे १९२० आणि उभे १०८०. तुम्ही १३६६ सांगितलं की एकेका ठिपक्याला जवळपास दीड ठिपक्याची जागा भरावी लागते. अर्धा ठिपका तर पेटत नाही, मग कडा फासल्या जातात. ६ चा ८ तिथंच झाला. यादीत ज्याच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय तेच ठेवा, मोठं करायचं ते स्केलनं.

आता सेव्ह बटण. १५० टक्क्यांवर जुन्या सॉफ्टवेअरला पडदा १२८०×७२० चाच वाटतो. त्याची खिडकी ७६८ उंचीची बांधलेली असणार, जुन्या चौकोनी मॉनिटरच्या मापाची. ७२० मध्ये ७६८ कसं बसेल? स्केल १२५ टक्के करून बघा. मग उंची ८६४ मिळते, टास्कबार वजा जाऊनही मावायला पाहिजे.

धूसरपणासाठी त्या सॉफ्टवेअरच्या आयकॉनवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. सगळ्यात खाली ओव्हरराईडच्या चौकोनात टिक करा आणि 'सिस्टीम (एन्हान्स्ड)' निवडा. सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. सगळ्याच जुन्या सॉफ्टवेअरला हे मानवत नाही, आकडे विचित्र दिसले तर टिक काढून टाका.

निवृत्त मास्तर:
अण्णांचा चष्मा दोन भिंगांचा आहे का? असेल तर खालचं भिंग पुस्तकाच्या अंतराचं असतं, लॅपटॉप त्याच्या मागे हातभर. मग माणूस मान वर करून बघतो आणि संध्याकाळी मान धरते. माझं हेच व्हायचं. डोळ्याच्या डॉक्टरला पडदा किती लांब ठेवता ते टेपनं मोजून सांगा.

गोदाकाठ:
मास्तरांचं बरोबर. आणि नाईट लाईट दिवसा बंद करा. त्यानं फक्त पडदा पिवळा होतो, अक्षर काही मोठं होत नाही. दुकानाचं शटर कोणत्या बाजूला आहे? मोंढ्यात सकाळचं ऊन थेट आत येत असेल तर सेटिंग नाही, टेबल फिरवा.

धागाकर्ता:
आभारी आहे, दोघांचाही. १२५ केलं, सेव्ह बटण आलं. एन्हान्स्डची टिक टाकल्यावर आकडे एकदम कोरल्यासारखे दिसायलेत. तरी अण्णांना अजून थोडं मोठं हवं होतं, तर विंडोजचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की मॅग्निफायर येतो ते दाखवलं. बंद करायला विंडोज आणि एस्केप. पहिल्यांदा त्यांना बंद करता येईना, तर अख्ख्या पडद्यावर एकच 'हमाली' शब्द घेऊन बसले होते पाच मिनिटं.

टेबलही फिरवलं. आता पाठ गिऱ्हाईकाकडे होते म्हणून नाराज आहेत. भिंग मात्र गल्ल्यात गेलंय.

मास्तर, चष्मा दोन भिंगांचाच आहे. गुरुवारी डॉक्टरकडे नेतो, टेप सोबत घेऊन.