काम व्हायच्या आधीच टिप मागतात, द्यायची का?

भटकभवानी: मंडळी, एक विचारायचंय. पूर्वी टिप म्हणजे जेवण झालं, वेटरने नीट लक्ष दिलं की आपल्या मर्जीने काहीतरी ठेवायचं. आता ॲपवर ऑर्डर टाकतानाच विचारतात, डिलिव्हरीवाला अजून निघालेला पण नसतो. काउंटरवर कार्डाच्या मशीनवर तीन मोठे आकडे आणि 'नको' कुठेतरी बारीक, समोरचा बघतोय आणि मागे लाइन. द्यायला माझी ना नाही, पण पैसे त्या माणसापर्यंत जातात का आणि नाही दिले तर त्याच्या पोटावर पाय येतो का हेच कळत नाही.

पायपीट: देश बघून ठरवायचं. अमेरिकेत टिपवाल्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढंच! टिप धरून ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे बाकी कामगारांचं केंद्रीय किमान वेतन, होत नसतील तर उरलेले मालकाने भरायचे असा कायदा आहे, पण मुळात पगाराचा बोजा गिऱ्हाइकावर ढकललाय ना. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन देऊन वर टिप असते. बाकी राज्यांत टेबलावर बसून जेवलात तर १५-२० टक्के द्याच, तो वेटरचा पगारच समजा. फ्रान्समध्ये सर्व्हिस बिलातच धरलेली असते, जपानात तर टिपची पद्धतच नाही.

साधीमाणूस: मी काही वर्षं हॉटेलात सर्व्हिसला होते म्हणून सांगते. हातात दिलेले रोख पैसे आम्हाला मिळायचे, कार्डावरची टिप मालकाकडे जायची आणि महिनाअखेरीला जे हातात पडेल ते, हिशोब विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आणि आत भांडी घासणाऱ्यांकडे तर कुणाचं लक्षच नसतं, त्यांनाही वाटा मिळायला हवा असं मला फार वाटतं. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आलाय, टॅक्स सोडला तर मालकाला टिपमधून काही कापून घेता येत नाही, सगळी कामगारांत वाटायची. असा कायदा सगळीकडे पाहिजे. तोपर्यंत सरळ विचारा, 'ही तुम्हालाच मिळते का?' विचारल्याचा राग येत नाही हो, उलट बरं वाटतं.

रात्रपाळी: ॲपवर आधी दिलेली टिप ही टिप नाहीच, बोली आहे. काही ॲपवर डिलिव्हरीवाल्याला ऑर्डर घ्यायच्या आधीच एकूण किती मिळणार ते दिसतं, मग कमी पैशाची ऑर्डर कुणी उचलत नाही. आणि काही लोक मोठी टिप दाखवून ऑर्डर मागवतात आणि पोचल्यावर कमी करतात, हे तर फारच वाईट, पावसात गाडी मारत आलेल्या माणसाशी असं कोण वागतं? मी दारात हातात देतो.

भटकभवानी: धन्यवाद सगळ्यांना. साधीमाणूस, बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर वेगळी टिप द्यायची का?

साधीमाणूस: तो चार्ज कामगारांत वाटतात का ते आधी विचार. बऱ्याच ठिकाणी तो मालकाच्याच खात्यात जातो. वाटत नसतील तर चार्ज काढायला सांग आणि तेवढेच पैसे वेटरच्या हातात दे.