बॅक्टेरियाचं प्रोटीन फवारून झाड रोगाशी लढतं म्हणतात, खरं आहे का?

डाळिंब_सांगोला: दरवर्षी डाळिंबाचा पावसाळी बहार धरला की तेल्या, म्हणजे बॅक्टेरियाचा डागांचा रोग, ठरलेलाच. दुकानदार म्हणतोय हार्पिन नावाचं प्रोटीन मारा, झाड आतून तयार होतं. पण ते प्रोटीन मूळचं बॅक्टेरियाचंच आहे म्हणे, मग त्याने रोग कसा थांबेल? लसीसारखं आहे का हे?

पेशी_वाचक: लस नाही म्हणता येणार, कारण झाडात अँटिबॉडी नसतात, फिरणाऱ्या पांढऱ्या पेशीही नसतात, जिथे हल्ला होईल तिथल्या पेशीलाच लढावं लागतं. त्यासाठी पेशीच्या बाहेरच्या अंगाला रिसेप्टर, म्हणजे शत्रूची खूण ओळखणारी प्रोटीनं, असतात. बॅक्टेरिया ज्या शेपटीने पोहतो ती फ्लॅजेलिन प्रोटीनची असते, आणि त्यातला जेमतेम २२ अमिनो आम्लांचा तुकडा एफएलएस२ नावाच्या रिसेप्टरला चिकटला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम घुसतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, नंतर पानाची छिद्रं मिटतात आणि पेशीभित्तीला कॅलोज नावाच्या पदार्थाचा मजबुतीचा थर बसायला लागतो. बॅक्टेरिया जखमांतून नाहीतर त्या छिद्रांतून आत शिरतो, म्हणून ती मिटणं फार महत्त्वाचं.

हार्पिन १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सफरचंद-नासपतीवरच्या फायर ब्लाइट रोगाच्या बॅक्टेरियातून वेगळं केलं. तंबाखूच्या पानात टोचलं तर तेवढा भाग स्वतःहून मरतो, म्हणजे झाड रोगाची वाट बंद करून टाकतं. फवारणीत मात्र पान न मारता बचाव जागा करायचा असतो.

डाळिंब_सांगोला: भारी आहे हे! पण एवढं सगळं असताना तेल्या येतोच कसा मग?

रोपवाटिका_ताई: कारण बॅक्टेरिया पण कमी नाही. सुईसारख्या नळीतून तो पेशीत दुसरीच प्रोटीनं सोडतो आणि हा बचाव दाबतो, टोमॅटोवरच्या स्युडोमोनास बॅक्टेरियाचं एक प्रोटीन तर एफएलएस२ लाच नष्ट करवतं. उलट मोहरीच्या कुळातला ईएफआर रिसेप्टर (हा बॅक्टेरियाचं वेगळं प्रोटीन ओळखतो) टोमॅटोत घातला तर मर रोगाच्या बॅक्टेरियालासुद्धा टोमॅटो जास्त तग धरतो, हे २०१० मध्ये दाखवलंय, मला तर हीच वाट जास्त भरवशाची वाटते.

दादा, हार्पिन बॅक्टेरिया मारत नाही, त्यामुळे डाग दिसल्यावर मारून उपयोग नाही, आणि बचावात झाडाची ताकद खर्च होते म्हणून सारखं सारखं पण नको. रोगट फांद्या काढणं, कात्री निर्जंतुक करणं आणि निरोगी रोपं, हे सोडूच नका. घ्यायचंच असेल तर तुलनेसाठी दोन ओळी न फवारता ठेवा आणि आधी सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.