मदत हवी आहे: कॉन्ट्राची चाळिशी जवळ आली
1987 साली आलेल्या ‘कॉन्ट्रा’ या व्हिडिओ गेमला 2027 मध्ये 40 वर्षं होतील. तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीने आपल्या पन्नाशीला, 2019 मध्ये, जुने भाग एकत्र काढले होते. या वेळी दोन गावांतून जोडीने खेळता येईल असं काही यावं, एवढीच आस आहे. मी देवगडला, दादा मुंबईत. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून झाल्या की आम्ही टीव्हीसमोर बसायचो. धबधब्याच्या लेव्हलला तो भराभर वर उड्या मारायचा, स्क्रीन सरकायची आणि खाली राहिलेला मी मरायचो. तरी त्याच्याशिवाय मजा नाही. तोवर 2019चा संच कॉम्प्युटरवर घेऊन असं लांबून खेळता येईल का? पावसाळ्यात इथलं नेट रडतखडत चालतं. कुणी खेळलं असेल तर नक्की सांगा.