मदत हवी आहे: घरामागं हॉट टब बसवायचा, कोणता घेऊ? (अर्जंट)

बांधावरचा | 22 नोव्हेंबर, रात्री 9.40
नमस्कार मंडळी. घरामागं हॉट टब बसवायचा आहे, चार-पाच माणसं बसतील असा. दोन पाहून ठेवले. एक फुगवायचा, त्याचा हिटर 2 किलोवॅट. दुसरा अ‍ॅक्रिलिकचा, हिटर 3 किलोवॅट. पाणी दोन्हीत हजार लिटरच्या आसपास. कोणता घेऊ तेवढं सांगा. जागा आहे, पाणी आहे, लाईन आहे. 18 डिसेंबरच्या आत चालू झाला पाहिजे. आणि कृपा करून "कशाला पाहिजे" विचारू नका, घरात तेच ऐकून राहिलो आहे.

पऱ्हाटी | 9.52
कशाला पाहिजे?

उगाच_विचारलं | 10.05
आधी शब्द नीट वापरू. लोक सरसकट जकूझी म्हणतात. ते टबाचं नाव नाही, आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेले भाऊ, आधी विमानाचे पंखे बनवायचे, मग विहिरीचे पंप. घरातल्या एका पोराला संधिवात होता, त्याच्यासाठी त्यांनी टबात सोडायचा पंप बनवला. अंगचेच फवारे असलेला टब आला तो 1968 मध्ये. म्हणजे मूळ धंदा आपलाच, मोटरपंपाचा.

बांधावरचा | 10.11
मी जकूझी म्हटलंच नाही. फुगवायचा की अ‍ॅक्रिलिकचा?

दर्यापूरची_सून | 10.30
दादा, आम्ही कॅनडात एडमंटनला राहतो, अंगणात सात वर्षांपासून टब आहे, म्हणून लिहिते. तुम्ही सांगितलं त्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. गाव कोणतं? पाणी नळाचं की बोअरचं? टब रोज वापरणार की पाहुण्यांपुरता? आणि एक गोष्ट लक्षात घ्या. न्हाणीतल्या टबाचं पाणी आंघोळ झाली की सोडून देतात. हॉट टबाचं तेच पाणी दोन-तीन महिने राहतं. ते फिल्टरमधून फिरतं, त्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन टाकावं लागतं, आठवड्यातून दोन-तीनदा पट्टी बुडवून पाहावी लागते. पीएच 7.2 ते 7.8 मध्ये ठेवायचा. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं. दुर्लक्ष केलं की अंगावर लाल पुळ्या येतात. आमच्याकडे पहिल्याच वर्षी आल्या होत्या, सासूबाईंना वाटलं कांजिण्या.

बांधावरचा | 10.48
वरुड तालुका. बोअरचं पाणी. ताई-जावई कॅलगरीहून येणार आहेत, पोरांसकट महिनाभर. मागे आई तिकडे गेली होती तेव्हा रोज टबात बसायची, गुडघे मोकळे वाटायचे म्हणते. झालं समाधान? आता सांगा.

फेज_गेली | 23 नोव्हेंबर, सकाळी 6.15
तीस वर्षं लाईनवर काढली, आता घरी बसून आहे. "लाईन आहे" म्हणजे काय ते सांगा. घरचा मीटर सिंगल फेज असणार. मंजूर भार किती? संध्याकाळी सातला व्होल्टेज किती दाखवते? मीटर लावून पाहा आणि मग बोला.

बांधावरचा | 7.20
मंजूर भार 2 किलोवॅट. व्होल्टेज काल 172 होतं. पण बोअरच्या खोलीत थ्री फेज आहे, घरापासून चाळीस फूट. तिथून ओढणार.

फेज_गेली | 7.31
ओढू नका! ती शेतीपंपाची जोडणी आहे. तिच्यावर टब चालवणं म्हणजे मंजूर कारणाशिवाय वापर, वीज कायदा 2003 चं कलम 126. सापडलात तर मागच्या बारा महिन्यांपर्यंतची आकारणी दुप्पट दरानं. शिवाय तिथली लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. जावई रात्री दोन वाजता टबात बसणार आहेत का?

आता हिशेब. हजार लिटर पाणी एक अंश तापवायला 1.16 युनिट लागते. 20 वरून 39 वर न्यायचं म्हणजे 22 युनिट, आणि हवेत जाईल ती वेगळी. हिटरवर 2 किलोवॅट लिहिलं असते ते 230 व्होल्टला. व्होल्टेज पाऊण झालं की ताकद पाऊण राहत नाही, निम्म्यावर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गानं घटते. तुमच्या 172 ला 2 चा हिटर 1.1 राहील. वीस तासांत थंडीच्या रात्री नुसतं कोमट होईल. 3 चा घेतला तर भार वाढवून घ्या, 4 चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडते तो) आणि स्वतंत्र अर्थिंग. ओल्या अंगानं माणसं बसणार आहेत. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकला म्हणून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून घ्या.

पऱ्हाटी | 8.02
एवढा खटाटोप कायले बाप्पा. तांब्याचा बंब आणा, पऱ्हाट्या-तुराट्या फुकटात हायेत. आमच्या आजानं चाळीस वर्ष बंबाच्या पाण्यानं आंघोळ केली, गुडघे दुखले नाही. अर्ध कडक अर्ध थंड टाकलं का झालं.

दर्यापूरची_सून | 8.40
पऱ्हाटी भाऊ, हिशेब बरोबर आहे. 60 अंशाचं 500 लिटर आणि 20 चं 500 लिटर मिळून 40 चं हजार होतं. बंब केवढा आहे तुमचा?

पऱ्हाटी | 8.44
पंचवीस लिटर.

फेज_गेली | 8.45
वीस खेपा. शेवटची येईपर्यंत पहिली थंड.

पऱ्हाटी | 8.51
मंग भंडाऱ्याची कढई चुलीवर ठेवा. तीतच बसा.

छतावरचा | 9.30
सोलर लावा, वाद संपला. माझ्याकडे 300 लिटरचा काचेच्या नळ्यांचा आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन भरपूर, दुपारी हात लावता येत नाही.

फेज_गेली | 9.36
वाद संपला नाही. वरुडचं बोअर म्हणजे खोलवरचं जड पाणी. नळ्यांत चुना बसते. तुमचं पाणी कुठलं?

छतावरचा | 9.41
नगरपरिषदेचं.

फेज_गेली | 9.42
मग तुमचं चालते.

मुरूम | 11.10
मी बांधकामावाला. सगळे पाण्यावर बोलून राहिले, जमिनीवर कोणी नाही. टबाच्या पाण्याचंच वजन एक टन. पाच माणसं साडेतीनशे किलो. अ‍ॅक्रिलिकचा टब तीनशे धरा. साडेसोळाशे किलो म्हणजे दोन बाय दोन मीटरवर दोन बैलगाड्या कापूस उभा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, एका बाजूनं फरशी उचलते. काळी माती दोन फूट काढा, मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून दाबा, वर काँक्रीट आणि जाळी. फरशी कशावर टाकली आहे तुमची?

बांधावरचा | 11.25
फरशी पक्की आहे, काळजी नको. न्हाणीच्या मागं, खाली टाकी आहे तिच्यावरच टाकलेली, सहा इंची स्लॅब.

मुरूम | 11.27
कशाची टाकी?

बांधावरचा | 12.02
संडासची.

मुरूम | 12.03
अरे राजा.

मुरूम | 12.09
तिच्यावर अजिबात नाही. स्लॅब चालण्याफिरण्यासाठी आहे, टनासाठी नाही. शिवाय टाकी उपसायची वेळ आली तर टब कुठं उचलणार? दुसरी जागा शोधा. घरात जुना गोठा असेल तर त्याची गव्हाण काढून तिथला कोबा चांगला निघतो.

पऱ्हाटी | 12.20
यालेच म्हणते आधी कशाला पाहिजे विचारा.

बहारदार | दुपारी 1.15
मी मोर्शीचा, संत्र्याचा. टबाशी देणंघेणं नाही, पण एक प्रश्न. बांधावरचे, बाग आंबिया बहारावर आहे का, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा? आणि टबाचं पाणी सोडणार कुठं?

बांधावरचा | 1.40
आंबियावर. पाणी बागेत सोडू, वाया कशाला घालवायचं. आपला तालुका डार्क झोनमध्ये आहे, जमिनीतलं पाणी अति उपसलेलं, हे मलाही माहीत आहे.

बहारदार | 1.58
तेच भीती होती. डिसेंबरात बाग ताणावर असते. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी जमिनीत दीड-दोन महिने पाणी तोडायचं, तेव्हा कुठं फूल येते. मध्येच एका कोपऱ्यात हजार लिटर ओतलं तर त्या झाडांचा ताण मोडला. तिथं फुलाऐवजी नवी पालवी निघेल. वडिलांचा राग टबावर नाही, पाण्यावर असणार. विचारून पाहा.

बांधावरचा | 2.05
वडील बोलत नाहीत सध्या.

उगाच_विचारलं | 3.30
मृग बहाराला (पावसाच्या सुरुवातीला फुलतो तो) चांगला भाव मिळतो असं ऐकलं आहे, मग सगळे आंबियाच का धरतात?

बहारदार | 3.41
मृग पावसावर धरायचा म्हणजे मे महिन्यात ताण आणि फळ वाढताना हिवाळाभर पाणी. तोडणीआधी बोअर कोरडा पडला की फळ झाडावरच सुकते. आठशे-हजार फूट खाली जाऊन पाणी लागेलच याचा भरवसा नाही. आम्ही दोनदा मृगाचा नाद केला, दुसऱ्यांदा टँकर लावून झाडं जगवली. विषय वेगळा आहे, नवीन धागा काढा.

दर्यापूरची_सून | रात्री 8.50
दादा, दोन गोष्टी राहिल्या. आईचे गुडघे दुखतात ना? अ‍ॅक्रिलिकच्या टबाची भिंत मांडीच्याही वर येते, पायऱ्या आणि दोन्हीकडे धरायला दांडा नसेल तर चढणंच होणार नाही. फुगवायचा त्याच्यापेक्षा बुटका असतो, पण त्याच्या काठावर भार देता येत नाही, तो दबतो. म्हणजे उतरताना कुणीतरी हात धरायला हवं. दुसरं, आईला शुगर आहे का? पायाला चटका कळत नसेल तर 40 पर्यंत नेऊच नका, 37-38 पुरे, पंधरा मिनिटं, आणि आधी डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी असेल तर उठताना चक्कर येते.

बांधावरचा | 9.15
शुगर आहे. हे मी लिहिलं नव्हतं का?

फेज_गेली | 9.18
नव्हतं.

पऱ्हाटी | 24 नोव्हेंबर, सकाळी 7.05
आता कामाचं सांगतो, हसू नका. बोअर चालू केल्याबरोबर पाण्याले हात लावून पाहा. हिवाळ्यात गरम लागते. खोलचं पाणी बारा महिने एकसारखं राहते, टाकीत रात्रभर साठवलं का गार होते. टब सकाळी सरळ बोअरच्या पाइपानं भरा, टाकीचं पाणी टाकूच नका.

फेज_गेली | 7.22
हे मात्र खरं. 26-27 अंशाचं निघते. 20 ऐवजी 26 पासून सुरू केलं तर हजार लिटरला सात युनिट वाचतात. पऱ्हाटी भाऊ, एक मानलं.

पऱ्हाटी | 7.25
फक्त एक?

छतावरचा | 8.10
तरी मी म्हणतो सोलर.

दर्यापूरची_सून | 8.35
झाकण घ्याच, फोमचं जाड. उष्णता तळापेक्षा वरच्या वाफेतून जास्त जाते. आणि ग्रामपंचायतीतून आणलेलं ब्लीचिंग पावडर टाकू नका, त्यात कॅल्शियम असतं, तुमचं पाणी आधीच जड, हिटरच्या कॉइलवर थर चढेल. स्पासाठीची डायक्लोर पावडर किंवा ब्रोमीनच्या गोळ्या मागवा.

मुरूम | 8.50
आणि फुगवायचा घेतला तर उंदीर. कापसाच्या, तुरीच्या गंजीजवळ ठेवू नका. आमच्या एका गिऱ्हाइकानं टबाखाली गवताची चटई टाकली होती, तिसऱ्या दिवशी टब बसला, खाली पिल्लं. वानरं तर झाकण फाडून पाहतातच. शिवाय ऊब असली की झाकणाखाली साप येऊन बसू शकतो, झाकण काठीनं उचलत जा.

उगाच_विचारलं | 9.20
एवढं करण्यापेक्षा सालबर्डीला जा ना सगळे. मोर्शी तालुक्यातच गरम पाण्याचा झरा आहे. नाहीतर माहूर करून उनकेश्वर. जावयालाही फिरणं होईल.

बांधावरचा | 9.26
आईला गाडीत तासभर बसवत नाही. म्हणूनच तर टब. धागा वाचता का तुम्ही?

बांधावरचा | 13 डिसेंबर, रात्री 10.20
अपडेट, कारण चार जणांनी मेसेज केले. फुगवायचाच घेतला. अ‍ॅक्रिलिकसाठी 3 लाख 40 हजार सांगितले, आणि पायऱ्या वेगळ्या. गोठ्यातली गव्हाण काढली, कोबा खरंच चांगला निघाला, वर पत्रे आहेतच. वायरमन आणून आरसीसीबी बसवला, अर्थिंग मोजून घेतली. फेज_गेली काका, भार वाढवायचा अर्ज दिला आहे, तोपर्यंत टब चालू असताना पाण्याची मोटर आणि इस्त्री बंद.

काल रात्री दहाला बोअरचं पाणी भरलं तेव्हा 26 होतं. व्होल्टेज रात्री बारानंतर 210 वर जातं, म्हणून रात्रभर चालू ठेवला. आज दुपारी तीनला 38 झालं. सतरा तास. आई दहा मिनिटं बसली, एक हात माझा, एक वडिलांचा. डॉक्टरांना विचारलं होतं. वडील सकाळपासून तीनदा मीटरची चकती पाहून आले, चकती नाही आता, आकडे आहेत, तरी.

अडचण एकच. पट्टी बुडवली तर पीएचचा रंग 8.2 च्या वर दाखवते. कमी कसा करू? लिंबू चालेल का?

पऱ्हाटी | 10.31
संत्र्याच्या गावात लिंबू काऊन?

दर्यापूरची_सून | 10.44
लिंबू नको, संत्रंही नको. पीएच मायनस म्हणून पावडर मिळते, सोडियम बायसल्फेट. अर्धा चमचा टाकून पंप अर्धा तास फिरवा, पुन्हा पट्टी लावा, एकदम जास्त टाकू नका. बोअरच्या पाण्याला हे दोन-तीनदा करावंच लागेल. आईंना सांगा दर्यापूरच्या सुनेचा नमस्कार.

बहारदार | 14 डिसेंबर, सकाळी 6.05
पाणी कुठं सोडणार ते अजून सांगितलं नाही.