सांजांवला उडी विहिरीत, वाचन मात्र पाटीचं!

म्हापशेकर: काल २४ जून, शेजाऱ्यांबरोबर चर्चमध्ये मिसेला, म्हणजे प्रार्थनेला गेलो. मी हिंदू, पण सांजांव, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा गोव्यातला सण, आमच्या वाड्यावर सगळ्यांचाच. येशूची आई मरिया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या योहानाने उडी मारली, म्हणून आपण विहिरीत उड्या मारतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. वाटलं, तेच वाचतील. वाचलं भलतंच! बायबलातलं लूक १:५७ पासून, योहानाचं बारसं. देवदूताचं खरं मानलं नाही म्हणून बाप जखऱ्या मुका झालाय. नातेवाईक बाळाला बापाचंच नाव ठेवायला निघालेत. आई नको म्हणते, तिचं कोण ऐकतो? बापाला विचारतात तेही खुणा करून. अहो, मुका आहे तो, बहिरा नव्हे! तो पाटी मागतो, 'योहान' लिहितो आणि त्याला वाचा फुटते. सणाचा अर्थ त्या पाटीत आहे. विहीर हे फेणीचं निमित्त.

वसईची, मुक्काम मडगाव: निमित्त कसलं? उडी त्याच अध्यायात आहे, १:४१. ते वाचन ३१ मे रोजी होतं, मरियेच्या भेटीच्या सणाला. लोकांनी अख्खा अध्याय लक्षात ठेवला, तुम्ही एक उतारा धरून बसलात. आणि जखऱ्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'कोफोस' शब्द आहे, तो बहिऱ्यालाही चालतो. म्हणून खुणा.

खाजनातली कुर्ली: दोघंही पुस्तकात काय शोधताय? मिरग लागून पंधरवडा उलटलेला, बांव म्हणजे विहीर भरलेली, डोक्यावर फुलांचं कोपेल, नवा जावई सासुरवाडीला आलेला. पाऊस नसता तर कोणत्या अध्यायावर उडी मारली असती?

वसईची, मुक्काम मडगाव: कुर्लीताई, शिवोलीला होड्या सजवून नाचणाऱ्यांना विचारा, सण कोणाचा ते. पावसाचा म्हणणार नाहीत.

म्हापशेकर: 'कोफोस' मान्य, बहिरा असेल. पण अलीशिबा तर धडधडीत बोलत होती! मला तिथेच टोचलं. आमच्या मुलीच्या बारशाला बायकोने एक नाव सुचवलं होतं. आत्याने पाळण्यात वाकून कानात दुसरंच सांगितलं, वर पाठीत धपाटे, हशा, पेढे. मी कोपऱ्यात पेढ्यांचा खोका धरून उभा. मुका नव्हतो, पाटीही लागली नसती.

खाजनातली कुर्ली: मग मुलीला हाक कोणत्या नावाने मारता?

म्हापशेकर: मी आत्याच्या. बायको अजून तिच्याच.