भाडे थकल्यास घरमालक कुलूप लावू शकतात का?

प्रश्न : बेळगावच्या वडगावात आम्ही भाड्याने राहतो. यंत्रमागाचे काम मंदावल्याने दोन महिन्यांचे भाडे थकले असून, आठवड्यात घर सोडा, नाहीतर कुलूप लावतो, असे घरमालक तोंडी बजावत आहेत. करारपत्र झालेले नाही.

उत्तर : कुलूप लावता येत नाही. कायदेशीर प्रक्रियेविना बाहेर काढल्यास, विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार, सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा करता येतो. त्यासाठी वास्तव्याचा पुरावा म्हणून वीजबिले आणि भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. थकबाकी मात्र माफ होत नाही, म्हणून जमेल तेवढी रक्कम बँकेतून पाठवावी.

दुसरे उत्तर : महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्ज घरातील महिलेच्या नावे करता येईल का, ते तेथे विचारावे. हेल्पलाइन १५१०० आहे. कन्नड नोटीस समजून घेतल्याशिवाय सही करू नये.