शब्दचर्चा : बाप्तिस्मा ‘घेतला’, ‘दिला’ की ‘झाला’?

प्रश्न : पंडिता रमाबाईंवर टिपण लिहिते आहे. त्यात वाक्य असं आलं : ‘२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे रमाबाई आणि मनोरमा यांनी बाप्तिस्मा घेतला.’ संपादकांनी ‘घेतला’खाली रेघ मारून पाठवलं. मनोरमा तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. क्रियापद चुकलं का? की सरळ ‘ख्रिस्ती बारसं’ म्हणू?

उत्तर : ताई, रेघ योग्य जागी पडली आहे. रमाबाईंनी घेतला, मनोरमेचा झाला. आमच्याकडे बोलताना हा फरक आपोआप होतो. मोठेपणी विश्वासात आलेल्याला विचारतात, ‘बाप्तिस्मा कधी घेतलात?’ ख्रिस्ती घरात जन्मलेल्याला विचारतात, ‘बाप्तिस्मा कुठे झाला तुझा?’

बारसं मात्र म्हणू नका. बारशात बाळाला नाव मिळतं. बाप्तिस्म्यात बाळ पिता, पुत्र व पवित्र आत्मा या नावात येतं. नाव ठेवणं हा त्यातला गाभा नव्हे. बाबा पदमनजी किंवा नारायण वामन टिळक यांची नावं बाप्तिस्म्यानंतरही तीच राहिली. (‘बाप’ या शब्दाशीही संबंध नाही. मूळ ग्रीक क्रियापद ‘बाप्तिझो’, म्हणजे बुडवणे, धुणे. गोव्यात पोर्तुगीजांकडून आलेलं त्याचं रूप वेगळं, आणि मराठी कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ही म्हणतात.)

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या मुलाचा झाला. तीन महिन्यांचं पोर. पाळकांनी त्याला डाव्या हातावर घेतलं, उजव्या ओंजळीने तीनदा डोक्यावर पाणी घातलं. दोनदा नुसतं टकामका बघत होतं, तिसऱ्यांदा दचकून रडलं. आजीने पंचाने टाळू टिपली. त्या बाळाने काही म्हणजे काही ‘घेतलं’ नाही. शब्द दिला आईबापांनी, आणि उभ्या राहिलेल्या सगळ्या मंडळीने. मी तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूचा आहे तो याचसाठी : कृपा आधी येते, आपला होकार मागून.

प्रश्न : मी ज्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढलो तिथे बाळाचं फक्त समर्पण करतात, म्हणजे त्याला देवाच्या हाती सोपवून प्रार्थना करतात, बाप्तिस्मा नाही. ग्रीक अर्थच ‘बुडवणे’ असेल तर ओंजळभर पाणी पुरेल कसं? आणि आधी विश्वास, मग बाप्तिस्मा हा क्रम तुम्ही उलटा करता.

उत्तर : दादा, तुमचा आक्षेप हलका नाही. शब्दापासून सुरुवात करतो.

बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्याले नि घागरी धुण्यासाठी याच धातूचा शब्द आहे. लूकच्या अकराव्यात येशू जेवणाआधी धुतला नाही म्हणून एक परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) नवल करतो, तिथेही हेच क्रियापद. जेवायच्या आधी कोणी नखशिखान्त बुडी मारत नसे. ‘दिदाखे’ हे फार जुनं मंडळीचं पुस्तक सांगतं की वाहतं पाणी नसेल, पुरेसं पाणीच नसेल, तर डोक्यावर तीनदा ओता. बुडवणं हा अर्थ खराच आहे, पण तेवढाच नाही. या एका शब्दावरून बंगालीत मोठा वाद झाला होता : बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी ‘बुडवणे’ असं भाषांतर केलं म्हणून ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८३०च्या दशकात पैसे द्यायला नकार दिला. मराठीत मूळ शब्दच ठेवला, आणि मला वाटतं बरं झालं.

आता क्रम. अब्राहामाने आधी विश्वास ठेवला, मग त्याची सुंता झाली. त्याच्या मुलाची, इसहाकाची, आठव्या दिवशी झाली, विश्वासाचा ‘व’ कळायच्या आत. खूण तीच. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात तिला विश्वासाच्या नीतिमत्त्वाचा शिक्का म्हणतो, आणि तरीही ती तान्ह्याला देण्याची आज्ञा होती. कलस्सैकरांस पत्रात सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी येतात. नव्या करारात मुलांसाठीचं दार अरुंद झालं असतं तर त्याचा कुठेतरी उच्चार झाला असता.

इथे मराठी ‘करार’ शब्दाने आपला घोटाळा होतो. करार म्हटला की दोन सज्ञान माणसं, दोन सह्या, भाडेकरारासारखं. देवाचं ते बोलणं आपल्या जुन्या इनामाच्या सनदेच्या जास्त जवळचं आहे. सनदेत ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ असं येतं. पाळण्यातलं मूल तिथे सही करत नाही, पण त्याचा वाटा असतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, पवित्र आत्मा उतरला तेव्हा, प्रेषित पेत्र तेच म्हणतो : वचन तुम्हांला आणि तुमच्या मुलाबाळांना. पुढे बाप्तिस्मा झालेल्या घराण्यांत लुदियाचं घराणं येतं, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं, स्तेफनाचं. त्या घरांत तान्ही मुलं होती असं कुठे लिहिलेलं नाही, हे मान्य. पण ‘घराणं’ या शब्दातून पाळणा वगळायचा तर तो वगळणाऱ्याने सांगायला हवा.

इतिहासही बघा. इ. स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान म्हणतो, लहानांचा बाप्तिस्मा लांबवा. प्रथा नसती तर विरोध कशाला? साधारण २५३ साली तिथल्याच कार्थेजला, तिथला बिशप सिप्रियन याच्यासह, ६६ बिशप बसले. प्रश्न होता की बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का. थांबू नका, असं त्यांनी कळवलं. द्यावा की नाही, हा प्रश्नच तिथे नव्हता.

तुमच्या समर्पणाला मी कमी लेखत नाही. १९७०मध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा दोन्ही रीती मान्य झाल्या. आमच्या मुलांनाही पुढे दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने होकार द्यावा लागतो. फक्त ‘पुनर्बाप्तिस्मा’ हा शब्द जपून वापरा. १५२५मध्ये झुरिकला मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या ज्या लोकांना तो चिकटवला त्यांना तो कधीच मान्य नव्हता, कारण त्यांच्या मते पहिला झालाच नव्हता. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारलं. तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याची बाजू मांडणाऱ्या माझ्यासारख्याने ते विसरू नये.

प्रश्न : मग माझं वाक्य कसं लिहू? ‘मनोरमेला बाप्तिस्मा दिला गेला’?

उत्तर : ताई, ‘दिला गेला’ नको, कानाला टोचतं. मराठीत नेमकं क्रियापद आहे, जुनं पण जिवंत : ‘रमाबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि मुलीलाही देवविला.’ घेणारी, देवविणारी आणि जिचा झाला ती, तिन्ही भूमिका त्यात आहेत.